उद्देशिकेला अनुमोदन

इंदापूर तालुक्यातल्या एका गावाने भारताच्या संविधानाची उद्देशिका सर्वानुमते मंजूर केलेली आहे. थट्टा करत नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्ताच्या पुस्तकात, निळ्या शाईत, ठराव क्रमांक दोन म्हणून ती नोंद आहे. आधीचा ठराव मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा, नंतरचा गटार दुरुस्तीचा. मध्ये हे: ‘भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करण्यात आले. त्यावर सविस्तर चर्चा होऊन सदर विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ खाली सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव आणि दोघांच्या सह्या.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. मी वकील आहे, आणि दावा अजून चालू आहे.

बारामतीत एका ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात मी सहा वर्षं काम करते. त्यांना आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणतो. सरांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून इंदापूरच्या तारखा माझ्याकडे असतात. दिवाळी अंकासाठी कोर्टातल्या गमती लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मी कमी बोलते. वकील असून कमी बोलते याचं लोकांना नवल वाटतं. नवा पक्षकार माझ्याकडे बघतो आणि सरांना विचारतो, ‘तारखेला ह्याच येणार का?’ कोर्टात मला उद्देशून सर्वांत जास्त वेळा म्हटलं गेलेलं वाक्य आहे, ‘मॅडम, जरा मोठ्यानं.’

बाहेरच्यांना वाटतं की वकिली म्हणजे बोलणं. प्रत्यक्षात ती बरीचशी वाट पाहणं आणि वाचणं आहे. साडेदहाला कोर्टात जाऊन बसायचं, पुकारा कधी होईल ते सांगता येत नाही, तोवर समोरचा कागद पुन्हा पुन्हा वाचायचा. हे मला जमतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी कागद मला सावकाशच वाचावे लागतात. पहिला दावा मराठीत लिहिला तेव्हा ऑफिसातल्या टायपिस्टकाकांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला होता. मी ‘प्रतिवादी’च्या जागी सगळीकडे ‘विरोधक’ लिहिलं होतं. ‘दावा हाय का इलेक्शन?’ असं काकांनी विचारलं आणि त्या दिवशी मी डबा न खाता घरी गेले. पण सावकाश वाचण्याचा एक फायदा असतो. सवयीचा मजकूर इतरांच्या नजरेतून सुटतो, माझ्या नजरेतून सुटत नाही.

संविधान कोर्टात चालतं का, असं लोक मला लग्नकार्यातसुद्धा विचारतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यातले मूलभूत हक्क चालतात. ते मोडले तर कोर्टात जाता येतं. मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे सरकारने काय काय करावं याची यादी, तिच्याबद्दल संविधानच सांगतं की कोणतंही कोर्ट ती अमलात आणायला लावणार नाही. नागरिकांची कर्तव्यं तशीच. आणि सुरुवातीची उद्देशिका, जी शाळांच्या भिंतीवर रंगवलेली असते, ती संविधानाचा भाग आहे, कायद्याचा अर्थ लावताना तिचा आधार घेतात, पण नुसती ती दाखवून कोर्टाकडून काही मागता येत नाही. लॉ कॉलेजात हे दोन तासांत शिकवलं होतं. मला त्या पेपरात चांगले मार्क होते.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी वरकुट्याकडचे एक निवृत्त गुरुजी ऑफिसात आले. हातात मूलभूत कर्तव्यांचं लॅमिनेट केलेलं पान. रस्त्याकडेची जुनी चिंच कुणीतरी विनाकारण तोडली होती, आणि पान पुढे करून त्यांचं म्हणणं होतं की निसर्गाचं रक्षण हे कर्तव्य आहे, तर नोटीस काढा. मी शिकवल्याप्रमाणे सांगितलं, ‘गुरुजी, कर्तव्यं कोर्टात अमलात आणता येत नाहीत. ती नैतिक स्वरूपाची आहेत.’

गुरुजींनी पान टेबलावर ठेवलं. ‘मग तीस वर्षं मी पोरांकडून ती पाठ कशाला करून घेतली?’

 दुसऱ्या एखाद्या कायद्यात वाट होती का, ते मी शोधलं नाही. त्यांनी पान उचललं, जाताना ‘शिका, शिका’ म्हणाले. रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

रंजनाताई आल्या त्या त्यानंतर तीन वर्षांनी.

त्या कालव्यापलीकडच्या वस्तीवर राहतात. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, त्या स्वतः ऊस खुरपायला जातात. मुलगी चार वर्षांची, तिला कडेवर घेऊनच आल्या होत्या. वस्तीवर पंचायतीने बांधलेली एक खोली आहे आणि तिच्यात अंगणवाडी भरते. बायका सकाळी पोरं तिथं सोडतात आणि रानात जातात. मे महिन्याच्या ग्रामसभेत ठराव झाला की ही खोली तरुण मंडळाला व्यायामशाळेसाठी द्यायची आणि वस्तीवरची पोरं गावातल्या अंगणवाडीत पाठवायची. गाव दीड किलोमीटरवर. मध्ये कालवा. त्यावर एका माणसापुरती फरशी टाकलेली, कठडा नाही. पाण्याचं आवर्तन सुटलं की पाणी फरशीला टेकतं.

‘चार वर्साचं लेकरू त्या फरशीवरनं जाईल का, मॅडम? न्यायचं म्हटलं तर मला कामाला मुकावं लागंल. आन् एवढ्या बायका कामाला मुकल्या तर रानात कोण जाईल, तात्या?’

तात्या म्हणजे भानुदास तात्या, गावचे माजी सरपंच. ते तिथं नव्हते. रंजनाताईंना भांडताना समोर माणूस लागतो, नसला तरी त्या त्याला बोलावतात.

अंगणवाडीच्या सेविकेने सांगून टाकलं होतं, मी सरकारी मानधनावर, मी सही करणार नाही. वस्तीवरच्या बाकीच्या बायका घरी विचारून सांगतो म्हणाल्या होत्या. म्हणून या एकट्या आल्या होत्या. मी विचारलं की तुम्ही एकट्या का पुढे होताय, त्रास होईल. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कळलंच नाही.

‘म्या अनुमोदन दिलंय नव्हं. आता मागं कशी सरू?’

‘कशाला अनुमोदन?’

‘घटनेला.’

सव्वीस जानेवारीला त्या मुलीला झेंडावंदनाला घेऊन गेल्या होत्या. झेंडा झाला, खाऊ वाटला, लोक पांगले आणि ग्रामसभा सुरू झाली. आमच्या भागात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी वरून आलेल्या पत्राप्रमाणे उद्देशिका वाचली. ती संपल्यावर त्यांनी सवयीने मान वर करून विचारलं, ‘सूचक कोण?’ समोर खुर्चीत भानुदास तात्या होते, त्यांनी सवयीने हात वर केला. ‘अनुमोदन? बाईमाणूस असलं तर बरं.’ समोर रंजनाताई होत्या.

हे हसण्यासारखं आहे, पण ज्यांनी आमच्याकडच्या सभा पाहिल्या आहेत ते हसणार नाहीत. सोसायटी, दूध संघ, कारखाना, पाणीवापर संस्था, सगळं गाव सभांमध्ये वाढलेलं. कुठल्याही गोष्टीला सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय ती झाली असं कुणाला वाटत नाही. शाळेच्या गॅदरिंगच्या अध्यक्षाचं नावसुद्धा एक जण सुचवतो आणि दुसरा अनुमोदन देतो, अध्यक्षाने तोवर व्यासपीठावर बसून हार घालून घेतलेला असतो. भाऊसाहेबांनी संविधानालाही तोच नियम लावला.

फक्त रंजनाताईंनी तो नियम खरा धरला. त्यांच्या सासऱ्यांनी एकदा सोसायटीच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या अर्जावर अनुमोदक म्हणून सही केली होती. पुढे वारं फिरलं, सगळी भावकी पलीकडे गेली, उमेदवार पडणार हे दिसत होतं. सासरे हलले नाहीत. ‘मामंजी म्हणायचे, सूचक घाईत व्हतो, अनुमोदक इचार करून व्हतो. म्या वाचलेलं ऐकलं व्हतं, मॅडम. दर्जाची आन् संधीची समानता. म्हणलं चांगलं हाय, मंग सही केली. आता माझ्याच पोरीची संधी गेल्यावर म्या गप बसले, तर सही कशाला केली?’

मी शाळेत दर सोमवारी ‘वुई द पीपल’ म्हटलं आहे, अंदाजे दहा वर्षं. त्याला अनुमोदन देण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

सरांना दाव्याचा मसुदा दाखवला. सर व्यवहारी आहेत. ‘खोली अंगणवाडीसाठीच बांधली, तिच्या कागदावर तसं लिहिलंय, ते पहिल्या परिच्छेदात घे. सभेच्या नोटिशीत हा विषय नव्हता, ते दुसऱ्यात. घटना शेवटी घाल, कढीलिंबासारखी. वास येतो, खात कुणी नाही.’

मी तशी शेवटी घातली. पण इतिवृत्ताच्या दोन्ही पानांच्या नकला मागवल्या, जानेवारीच्याही आणि मेच्याही. सर म्हणाले जानेवारीची कशाला. मी म्हटलं, पक्षकाराची सही आहे त्यावर. ते सरांनी सोडून दिलं.

पंचायतीला रीतसर नोटीस दिली, उत्तर आलं नाही, मग दावा दाखल झाला. दावा वर्षानुवर्षं चालतो, म्हणून त्याच्यासोबत एक अर्ज द्यायचा असतो: निकाल लागेपर्यंत आहे ते तसंच राहू द्या. सगळी लढाई खरं तर या अर्जावर असते. तो गेला की दावा जिंकूनही उपयोग नसतो, तोवर पोरं शाळेत गेलेली असतात. अर्ज सुनावणीला आला तोपर्यंत व्यायामशाळेचं सामान वस्तीवर पोचलं होतं. खोलीला कुलूप लावायची हिंमत अजून कुणी केली नव्हती, म्हणून वजनं व्हरांड्यात ठेवलेली. मी बघायला गेले तेव्हा लोखंडी दांडीला पोरांची दप्तरं अडकवलेली होती.

पंचायतीकडून आबा वकील. इंदापूरच्या कोर्टात चाळीस वर्षं काढलेली, सगळे त्यांना आबाच म्हणतात. कोर्टात नवीन आलेल्यांना चहा पाजतात आणि मग कोर्टात त्यांना सोलतात. सुनावणीच्या सकाळी त्यांनी मला बाररूममध्ये गाठलं.

‘पोरी, घटनेवर अर्ज लिहिलास म्हणं.’

‘शेवटचा परिच्छेद आहे, आबा.’

‘घटना भिंतीवर चांगली दिसती. कोर्टात आणली की तिचे पोपडे निघत्यात. चहा घे.’

मी चहा घेतला.

पुकारा झाला. न्यायाधीश मॅडम नव्या बदलून आलेल्या, शांत, टेबलावर फक्त चालू फाइल ठेवणाऱ्या. मी खोलीच्या बांधकामाचा कागद दाखवला, नोटिशीचा मुद्दा मांडला. फरशीचे फोटो दिले. दोनदा ‘जरा मोठ्यानं’ झालं. शेवटी म्हटलं की सहा वर्षांखालच्या बालकांचं संगोपन आणि शिक्षण हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते कोर्टातून अमलात आणता येत नाही हे मला मान्य आहे. पण तसं सांगणाऱ्या कलमालाच पुढे अर्धं वाक्य आहे, की देशाच्या कारभारात ही तत्त्वं मूलभूत आहेत आणि ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. आणि राज्य म्हणजे दिल्ली, मुंबई एवढंच नाही, त्यात ग्रामपंचायतही येते. कोर्ट पंचायतीला नवं काही करायला लावणार नसलं तरी केलेलं मोडायला परवानगी देताना हे वजनात धरावं.

मागच्या बाकावर भानुदास तात्या होते. आपली पंचायत म्हणजे राज्य, हे ऐकून त्यांनी शेजारच्याकडे समाधानाने बघितलं.

आबा उठले. आवाज न वाढवता सगळ्या खोलीला ऐकू जातं असं त्यांचं बोलणं. ‘उद्देशिकेनं कुणाला हक्क मिळत नाही. तत्त्वं घटनेनंच कोर्टाच्या उंबऱ्याबाहेर ठेवली. अंगणवाडी कुठं भरवायची हे पंचायतीनं बघायचं. आता वकील मॅडमनी सव्वीस जानेवारीचा एक ठराव लावलाय. वादीबाई म्हणतात, आम्ही घटनेला अनुमोदन दिलंय.’ इथे ते थांबले, कारण लोक हसले. ‘साहेब, ती भाऊसाहेबांच्या हाताची सवय आहे. समोर कागद आला की ते लिहितात, चर्चा होऊन मंजूर. उद्या पृथ्वी गोल आहे असं वाचून दाखवलं तरी सर्वानुमते मंजूर करतील.’

आता सगळेच हसले. न्यायाधीश मॅडमही किंचित. मागे वळून बघितलं तर रंजनाताई सोडून. त्यांची मान ताठ होती आणि नजर माझ्यावर.

 अशा वेळी मी नेहमी खाली कागदात बघते. तेव्हाही बघितलं. समोर दोन्ही नकला शेजारी शेजारी होत्या. जानेवारीचा ठराव दोन, मेचा खोलीबद्दलचा ठराव चौदा. एकच हस्ताक्षर. ‘त्यावर सविस्तर चर्चा होऊन सदर विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ शब्दाला शब्द तेच. दोन्हींना सूचक एकच, भानुदास तात्या. आणि मला कळलं की आबा विनोदाच्या भरात एक वाक्य जास्त बोलून गेले आहेत.

मी उठले. काहीतरी बोलले.

‘मॅडम, मोठ्यानं.’

मग मी मोठ्यानं बोलले. इतकं, की बेलिफाने माझ्याकडे बघितलं. ‘चर्चा न होता सवयीने चर्चा झाली असं या पुस्तकात लिहिलं जातं, असं प्रतिवादींच्या वकिलांचं म्हणणं आहे. ते नोंदवून घ्यावं, ही विनंती.’

आबांना एका क्षणात कळलं. चाळीस वर्षं उगीच नाहीत. ‘माझं म्हणणं तसं नाही,’ ते म्हणाले.

न्यायाधीश मॅडमनी दोन्ही पानं वाचली, एकदा एक, एकदा दुसरं. ‘वकीलसाहेब, पुस्तक सवयीनं लिहिलेलं असेल तर ठराव चौदाचं काय करायचं? आणि पुस्तक खरं असेल तर ठराव दोनला हसायचं का?’

‘पुस्तक खरं आहे,’ आबा म्हणाले.

‘सूचक हजर आहेत?’

तात्या उभे राहिले. टोपी सारखी केली. मॅडमनी साधंच विचारलं, ‘ही सही तुमची?’

‘व्हय. माझीच हाय.’

‘या दोन नंबरच्या ठरावावर चर्चा झाली होती का?’

तात्यांनी आबांकडे बघितलं. आबा छताकडे बघत होते.

‘चर्चा मंजी... भाऊसायबांनी वाचलं. आमी मंजूर म्हणलं.’

‘आणि हा चौदा नंबरचा?’

‘तसंच की,’ तात्या म्हणाले.

खोटं बोलता आलं असतं. तात्या माणूस तसा सरळ आहे. त्यांच्या मते त्यांनी काही कबूल केलं नव्हतं. सभा कशी चालते ते बाहेरगावच्या मॅडमना समजावून सांगितलं होतं.

आदेश चार दिवसांनी मिळाला. मी तो कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली उभी राहून रंजनाताईंना वाचून दाखवला. चौदा नंबरच्या ठरावावर खरोखर चर्चा झाली होती का, हा पुराव्याचा विषय आहे. तोपर्यंत खोली जैसे थे ठेवावी, तिच्यात अंगणवाडी भरत राहील. आणि त्याच्याआधी एक परिच्छेद: उद्देशिकेच्या वाचनाची नोंद इतिवृत्तात झाल्याने वादीस कोणताही स्वतंत्र हक्क प्राप्त होत नाही, सदर नोंदीस कायदेशीर परिणाम नाही.

‘मंजी खोली ऱ्हायली?’

‘राहिली. दावा संपेपर्यंत.’

‘आन् माझं अनुमोदन गेलं?’

‘कायद्याच्या दृष्टीनं त्याचा काही परिणाम नाही, असं लिहिलंय.’

त्यांनी मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. ‘पर त्या पानामुळंच तर खोली ऱ्हायली नव्हं?’

‘हो.’

‘मग तसं का न्हाय लिवलं?’

गुरुजींसारखाच प्रश्न. मी आदेशाची घडी घालून रंजनाताईंच्या हातात दिली. गेटबाहेर आबा भेटले. ‘कायद्यात मी जिंकलो बरं का, पोरी. वाच परत.’ वाचलं होतं. ‘खोलीचं सोड. खोली तात्यानं घालवली.’ आणि चहा पाजला. त्यांच्याबद्दल मला राग धरता येत नाही, ही माझी व्यवसायातली मोठी अडचण आहे.

पण त्या दिवसापासून मी एक गोष्ट करत नाही. कुणालाही ‘ते फक्त नैतिक आहे’ असं सांगत नाही. कोर्ट हुकूम देणार नाही, एवढंच सांगते, कारण तेवढंच खरं आहे. संविधानाने ती तत्त्वं कोर्टाच्या बाहेर ठेवली; सगळ्यांच्याच बाहेर ठेवली असं कुठं लिहिलंय? ती राज्याच्या अंगावर घातली, आणि उद्देशिका तर शेवटच्या ओळीत आपली आपणच स्वतःला दिली. ज्याने ती घेतली त्याने ती मागायची. कोर्टाचा हुकूम नाही म्हणून एखादं वचन वचन राहत नाही, हे आमच्या वकिलांच्या सोयीचं मत आहे. ऊस खुरपणाऱ्या एका बाईने ते मानलं नाही. मीही आता मानत नाही, आणि कोर्टात कुणी हसलं तरी शेवटचा परिच्छेद मी काढत नाही. कधीकधी तो पहिला लिहिते. सर म्हणतात कढीलिंब फार झाला. असू दे.

गुरुजींना एकदा भेटायचं आहे. अजून गेले नाही. जाऊन काय सांगायचं ते आता थोडं माहीत आहे, आणि त्यामुळेच जायला संकोच वाटतो.

पुढच्या सव्वीस जानेवारीला रंजनाताईंनी फोन केला, ‘या की झेंड्याला.’ मी गेले. ग्रामसभेत मला बोलायचा अधिकार नाही, मी त्या गावची नाही. म्हणून शाळेच्या पायरीवर मागे बसले. या वेळी वस्तीवरच्या सतरा-अठरा बायका आल्या होत्या, रानात न जाता. खाऊ वाटून झाल्यावर पांगल्या नाहीत. पुरुष जागा शोधत बाजूला सरकले. व्हरांड्यातली वजनं दिवाळीच्या सुमारास मंडळाने परत नेली होती, त्यामुळे तरुण मंडळही हजर होतं आणि घुश्शात होतं.

भाऊसाहेबांनी उद्देशिका वाचली. पत्राप्रमाणे. वाचून झाल्यावर पुस्तकात एक ओळ लिहिली आणि पान उलटायला लागले.

‘भाऊसाहेब,’ रंजनाताई उभ्या राहिल्या. ‘काय लिवलं?’

‘उद्देशिकेचे वाचन झाले.’

‘सूचक? अनुमोदक?’

भाऊसाहेबांनी तात्यांकडे बघितलं. एकदा पोळलेला माणूस. ‘बाई, ह्याला ठराव लागत न्हाय. कोर्टानं सांगितलंय, त्या नोंदीचा काय उपयोग न्हाय.’

‘उपयोग न्हाय?’

‘न्हाय.’

‘मग लिवायला काय जातंय?’

 कुणीतरी मागून म्हणालं, ‘लिवा की, भाऊसाहेब, शाई सरली का?’ आणि बायका हसल्या. भाऊसाहेबांनी पुन्हा तात्यांकडे बघितलं. तात्या आपल्या चपलेकडे बघत होते.

‘सूचक कोण?’ भाऊसाहेबांनी शेवटी विचारलं, पेन उघडून.

‘मी,’ रंजनाताई म्हणाल्या.

‘अनुमोदन?’

या वेळी ‘बाईमाणूस असलं तर बरं’ असं म्हणायची गरज पडली नाही. सगळ्यांनीच हात वर केले. भाऊसाहेब म्हणाले, एकच नाव पाहिजे. बायका म्हणाल्या, एकीला पकडून कोर्टात हसायची सोय नको, सगळ्यांची लिवा. त्यावर चर्चा झाली. खरी, सविस्तर, पाऊण तास. गटार दुरुस्ती पुढच्या सभेवर गेली. संधी म्हणजे काय, कालव्याच्या फरशीला कठडा कधी, आणि तो कठडा कुठल्या शब्दात बसतो, इथपर्यंत ती गेली. शेवटी भाऊसाहेबांनी सगळी नावं लिहिली, एकीखाली एक. ज्यांना सही येत होती त्यांनी सही केली, सेविकेनेसुद्धा. पान भरलं आणि पुढच्या पानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत जाऊन त्या दोन पानांच्या नकलेसाठी अर्ज दिला. भाऊसाहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. छापील अर्ज असतो. नाव, पत्ता, कोणत्या कागदाची नक्कल, हे सगळं मी भरलं होतं. एक रकाना कोरा राहिला होता.

‘नक्कल कशासाठी पाहिजे ते लिहायचं राहिलं, मॅडम.’

मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं: न्यायालयीन कामासाठी.